शहाण्याने ही पायरी चढावी



दर अंकात मी आपल्याशी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा यांवर बोलतो. या वेळी तो विषय बाजूला ठेवून रस्त्याविषयी बोलणार आहे. हे काम कायद्याच्या माणसाचे, ऊस विकास अधिकाऱ्याने यात का पडावे, असे कुणाला वाटेल. पण आपला ऊस शेतात उभा असेपर्यंत माझा आणि रस्त्यावर आला की कुणाचाच नाही, असे म्हणून आता मला चालत नाही. त्याचे कारण आधी सांगतो.

काही हंगामांपूर्वी माझ्या गटातील एका गावात बत्तीस वर्षांचा एक सभासद रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजून मोटारसायकलीवरून घरी निघाला होता. वळणावर उसाने भरलेली ट्रॉली आस मोडून उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. खूण म्हणून दोन दगड आणि झाडाची एक फांदी ठेवलेली. पोरगा मागून धडकला आणि दवाखान्यात पोहोचण्याआधी गेला. घरात बायको, दोन लहान मुले आणि म्हातारी आई.

ट्रॅक्टरमालक गावातलाच, दोन घरे सोडून राहणारा. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झाल्यावर देवळाच्या मंडपात बैठक बसली. "गावातलंच हाय, कोर्टकचेरी कशाला?" असे चार जाणत्यांनी म्हटले. दीड लाख रुपये ठरले. निम्मे लगेच, निम्मे वाहतुकीचे बिल निघाल्यावर. स्टॅम्पपेपरवर 'आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही' असे लिहून घेतले. पोलिसांकडे जबाब गेला की गाडी घसरून पडला. ट्रॉलीचे नावच कागदावर आले नाही. मालकाने पहिला हप्ता व्याजाने पैसे काढून दिला. दुसऱ्या हप्त्यातले चाळीस हजार दिले, बाकीचे राहिले ते राहिलेच. दोन्ही घरांत बोलणे बंद झाले.

त्या बैठकीला मी होतो. मीही मान डोलावली.

पुढच्या वर्षी शेती कार्यालयात जुन्या वाहतूक करारांची कागदपत्रे चाळताना त्या ट्रॅक्टरची फाईल हाती आली. आत विम्याची पॉलिसी होती, ट्रॉल्यांसह, वाहतूक व्यवसायाची. अपघाताच्या रात्री ती चालू होती. म्हणजे ज्या कागदाने त्या बाईचे घर उभे राहिले असते आणि मालकाला एक पैही पदरची द्यावी लागली नसती, तो कागद आमच्याच कपाटात पडून होता. मालकाला त्याचे महत्त्व ठाऊक नव्हते, बाईला तो असल्याचे ठाऊक नव्हते आणि मला विचारायचे सुचले नाही.

म्हणून हा लेख.

दावा शेजाऱ्यावर नसतो

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या हाडात मुरलेली आहे. बांधाच्या भांडणाला, भाऊबंदकीच्या वाटणीला ती लागू पडत असेल. रस्ता अपघाताच्या भरपाईला ती मुळीच लागू नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण हा दावा भांडण नसतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला तिऱ्हाईताचा विमा सक्तीचा आहे. तिऱ्हाईत म्हणजे आपल्या वाहनामुळे ज्याला इजा होईल तो परका माणूस. मालक दरवर्षी जो हप्ता भरतो तो याच माणसासाठी भरतो. अपघात झाला की दाव्यात कागदोपत्री ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी असे तिघे प्रतिवादी असतात, पण पॉलिसी चालू असेल आणि तिच्या अटी पाळलेल्या असतील तर रक्कम विमा कंपनी भरते. आपण दूध संघात ठेव ठेवतो आणि गरज पडली की काढतो, तेव्हा संघावर उपकार मागत नाही. तसेच हे. हप्ता भरलेला आहे, आणि ज्याच्यासाठी भरला त्याने तो मागायचा आहे.

तेव्हा "गाववाल्यावर केस कशी घालू?" या प्रश्नाचे उत्तर असे, की केस घातल्यानेच गाववाला वाचतो. न घालता गावात मिटवले की त्याच्या खिशातून पैसे जातात, ते पुरत नाहीत, आणि मने तुटतात ती वेगळीच. दुसरा एक आक्षेप बायाबापड्यांच्या तोंडून ऐकू येतो, "गेलेल्या माणसाचं पैसं खायचं व्हय?" माउल्यांनो, हे गेलेल्या माणसाचे पैसे नव्हेत. तो जगला असता तर पुढची वीस-तीस वर्षे घरात जे आणले असते, त्याचा हा हिशेब आहे. मुलांच्या शाळेचा, आईच्या औषधाचा पैसा आहे.

हिशेब कसा होतो

भरपाई किती मिळेल हे न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे, असा समज आहे. तो खरा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि मग ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हिशेबाची रीत घालून दिली आहे. एकरी खताची मात्रा काढावी इतकी ती सरळ आहे. वरच्याच उदाहरणावर बघू. त्या सभासदाचे उत्पन्न महिना १२,००० रुपये सिद्ध झाले असे समजा.

वर्षाचे झाले १,४४,०००. चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या माणसाचे उत्पन्न पुढे वाढले असते म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे. झाले २,०१,६००. घरात अवलंबून असणारे चार ते सहा जण असतील तर त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा करायचा. उरले १,५१,२००. आता वयाप्रमाणे गुणक. ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे. गुणाकार केला तर २४,१९,२०० रुपये होतात. याशिवाय अंत्यविधीचा खर्च, मालमत्तेची हानी, आणि पत्नी, मुले व आई यांच्या सहवासाला मुकल्याची रक्कम वेगळी. दाव्याच्या तारखेपासून व्याजही देता येते.

आता कुणी म्हणेल, पोरगा मागून धडकला, त्याचीही चूक असणार. असेल. न्यायाधिकरण दोघांच्या चुकीची वाटणी करते आणि तेवढा हिस्सा कापते. अर्धी चूक त्याची धरली तरी बारा लाखांच्या वर रक्कम होते. देवळाच्या मंडपात आम्ही दीड लाख ठरवले होते, त्यातले हाती पडले एक लाख पंधरा हजार.

गुणक वयाबरोबर उतरत जातो. २५ वर्षांपर्यंत १८, ४१ ते ४५ ला १४, ५१ ते ५५ ला ११, आणि पासष्टीच्या पुढे ५. म्हणजे म्हातारा माणूस गेला तरी भरपाई शून्य होत नाही. घरकाम करणाऱ्या बाईचेही तसेच. "ती काय कमवत नव्हती" असे म्हणून दावा सोडू नका. घर, मुले, गोठा सांभाळणाऱ्या गृहिणीच्या कामाचे मोल धरलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालातही सांगितले आहे.

जखमी माणसाचा हिशेब वेगळा. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, कायमचे अपंगत्व किती टक्के आणि त्यामुळे कमाई किती घटली, वेदना व त्रास, हे सारे त्यात येते. पाय गेलेला बागाईतदार आणि पाय गेलेला कारकून यांची कमाई सारखी घटत नाही, हे तिथे मांडता येते.

एक अडचण मात्र शेतकऱ्याची खास आहे. विमा कंपनीचा वकील म्हणतो, माणूस गेला तरी जमीन जाग्यावर आहे, ऊस येतोच आहे, मग उत्पन्न कुठे बुडाले? सर्वोच्च न्यायालयानेही २००३ च्या एका निकालात म्हटले आहे, की जमीन वारसांकडे राहते, पण ती कसण्याची, देखरेखीची मेहनत बुडते आणि तिचे मोल धरायचे. म्हणून कागद लागतो. सात-बारा, आठ-अ, मागील तीन हंगामांची ऊसबिले, दूध संस्थेची बिले, बँकेचे पासबुक, दुसऱ्याच्या शेतावर जात असेल तर त्याची नोंद. ऊसबिलाचा उतारा आपल्याच कारखान्यातून मिळतो. तो आजवर कर्जासाठी नेला गेला, दाव्यासाठी फारसा कुणी मागायला आला नाही.

पहिला दिवस ते सहा महिने

अपघात झाला की प्रथम माणूस. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी किंवा ११२ ला फोन करा. ५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना लागू झाली आहे. मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला योजनेतील रुग्णालयात अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याचा हक्क आहे. चूक कोणाची, हे तिथे विचारायचे नसते. उचलून नेणाऱ्या माणसाने घाबरू नये. सद्हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

दुसरे, पोलीस. खरा जबाब द्या. ट्रॉली होती तर ट्रॉली होती म्हणा. वाहनाचा नंबर, ट्रॉलीचे नंबर, जागा, वेळ, दिवा होता की नाही, सारे पंचनाम्यात आले पाहिजे. मोबाईल आता प्रत्येकाच्या खिशात आहे, वाहन हलवण्याआधी फोटो काढा. त्या एका खोट्या जबाबाने आमच्या गावातील दावा जन्माआधीच मेला. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. हा अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. पण अहवालात जे नाही ते पुढे सिद्ध करणे फार कठीण.

तिसरे, अर्ज. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयाच्या पातळीवर असते. अपघात जिथे झाला तिथे, आपण राहतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. म्हणजे बीडकडून आलेल्या तोडणी कामगाराच्या घरच्यांनी कोल्हापूरला खेपा घालायची गरज नाही, त्यांना आपल्या जिल्ह्यात दावा करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असून, मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश त्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण अंतरिम आदेशावर संसार टाकू नये. सहा महिने हीच मुदत धरून चला. कारण महिना सुतकात जातो, दुसरा दवाखान्याच्या बिलात आणि बाकीचे "बघू, हंगाम संपू दे" म्हणण्यात.

चौथे, वकील. दवाखान्याच्या दारातच काही माणसे भेटतात. "आम्ही सगळं बघतो, मिळेल त्यात निम्मं" म्हणतात. त्यांना हात जोडा. भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवून घेणे वकिलांच्या नियमांत बसत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे बाईमाणसाला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि अपंगालाही मिळतो. लोकअदालतीत तडजोडीने लवकर निकाल लागू शकतो, फक्त तिथे झालेल्या निकालावर अपील नाही, म्हणून वरचा हिशेब करूनच सही करा. आणि अपिलाची वेळ आलीच तर आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे.

चूक कोणाची हे सिद्ध करता येण्यासारखे नसेल तर दुसरी वाट आहे. मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी ठरीव रक्कम चुकीचा प्रश्न न काढता मिळते. १९८२ साली असा हक्क कायद्यात प्रथम आला तेव्हा मृत्यूची रक्कम होती १५,०००. मात्र ही ठरीव रक्कम तडजोडीत स्वीकारली की मोठा दावा संपतो, हे ध्यानात ठेवा. ठोकून पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची.

शिवाय राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. १० ते ७५ वयाचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातील एक व्यक्ती यांना ती लागू आहे. मृत्यूला दोन लाख. प्रस्ताव तालुका कृषी अधिकारी कार्यालयात ३० दिवसांत द्यावा लागतो. ही रक्कम दाव्याच्या आड येत नाही. साप चावून गेला तरी ती आहे, रस्त्यावर गेला तरी आहे.

आता दुसरी बाजू

इथवर वाचून आपण सारे मनातल्या मनात मोटारसायकलीवर बसलो असू. आता जरा ट्रॅक्टरवर बसू. कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात ट्रॅक्टर आहे आणि हंगामात तो कारखान्याची वाहतूक करतो.

पॉलिसी शेतीकामाची आणि धंदा भाड्याच्या वाहतुकीचा, हा आपला नेहमीचा घोळ. चार पैसे वाचतात म्हणून शेतीचा विमा घ्यायचा आणि दुसऱ्याचा ऊस भाड्याने ओढायचा. ट्रॅक्टरचा विमा आहे, ट्रॉल्यांचा नाही, हा दुसरा घोळ. ड्रायव्हरकडे लायसन नाही, हा तिसरा. अशा वेळी विमा कंपनी अटीभंगाचा मुद्दा काढते. तिला तो सिद्ध करावा लागतो, नुसते म्हणून चालत नाही. पण सिद्ध झाला तर काय होते? कित्येक प्रकरणांत न्यायालय कंपनीला सांगते, आधी वारसांना पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. ही वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करता येते. म्हणजे गोष्ट थेट आपल्या सात-बाऱ्यावर येते. हप्त्यात वाचवलेल्या चार पैशांसाठी जमीन पणाला लागते.

तोडणीची माणसे, बायका, पोरे भरलेल्या ट्रॉलीवर बसवून आणण्याची आपली रीत आहे. मालवाहू वाहनावर फुकट बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ठरवले. २००७ मध्ये ट्रॉलीवरून जाताना जखमी झालेल्या एका मजुराच्या प्रकरणात तोच कौल आला. त्या गरिबाकडे पाहून न्यायालयाने कंपनीला पैसे द्यायला लावले खरे, पण ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊन. ही माणसे उसाच्या मोळ्या नव्हेत. त्यांना वर बसवू नका.

पोरगं दहावीला असतं आणि आपण कौतुकाने म्हणतो, "ट्रॅक्टर काय झक्क चालवतंय बघा!" अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक व मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द, अशी आजच्या कायद्यात तरतूद आहे. कौतुक घरात असू द्या.

आणि मालकाचे स्वतःचे काय? तिऱ्हाईताचा विमा मालकाला नसतो. स्वतःच्या चुकीने मालक गेला तर त्या विम्यातून घरच्यांना काही मिळत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे. हप्ता भरताना तो घेतला आहे का ते पॉलिसीवर वाचा. मागून आणलेल्या गाडीवरही हाच धोका. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील, इलकलहून गावी निघालेल्या एका माणसाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. मागून घेतलेली मोटारसायकल, पुढे लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी अचानक थांबली आणि तो धडकून गेला. २००९ मध्ये न्यायालयाने म्हटले, की गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, तो तिऱ्हाईत ठरत नाही. चूक न पाहता ठरीव सूत्राने मिळणारी भरपाई त्याच्या घरच्यांना त्या विम्यातून मागता येईना.

बैलगाडी हे मोटार वाहन नव्हे, म्हणून तिला हा विमा नाही. अंधारात दिव्याविना चाललेल्या बैलगाडीला कुणी धडकले तर गाडीवानामागे उभी राहणारी कंपनीच नसते. उलट, ट्रकने किंवा ट्रॅक्टरने बैलगाडी उडवली तर गाडीवान तिऱ्हाईत ठरतो. स्वतःच्या दुखापतीचीच नव्हे, तर दगावलेल्या बैलाची भरपाईही तो मागू शकतो. किती गाडीवानांना हे ठाऊक आहे?

संचालक मंडळाला नम्र विनंती

वाहतूक हा ठेकेदाराचा प्रश्न, कारखान्याचा नव्हे, असे आपण म्हणत आलो. ऊस आपला, सभासद आपला, रस्त्यावर मरणारा बहुतेक वेळा आपल्याच गावचा. तेव्हा मी कारखान्याचा एक नोकर म्हणून, पण आपल्यातलाच एक म्हणून, चार गोष्टी मांडतो.

एक. वाहतूक करार करताना ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या यांचा विमा, तो कोणत्या वापराचा आहे, आणि ड्रायव्हरचे लायसन हे पाहिल्याशिवाय उचल देऊ नये. पॉलिसी हंगामाच्या मध्येच संपणार असेल तर ती तारीख लाल शाईने नोंदवावी.

दोन. मागे रिफ्लेक्टर नसलेले वाहन रात्री वजनकाट्यावर घेऊ नये. आज पट्टी लावतो, उद्या चिखलाने भरते. म्हणून तपासणी हंगामातून एकदा नको, रोज हवी. मोडलेले वाहन आणि चाकामागचे दगड रस्त्यावर सोडून जाणाऱ्याची खेप थांबवावी.

तीन. अपघातग्रस्त सभासदाच्या घरी तीन हंगामांच्या ऊसबिलांचा दाखला गट कार्यालयाने स्वतः नेऊन द्यावा, आणि वाहन कराराचे असेल तर त्याच्या विम्याची प्रतही. आठवड्याच्या आत. अर्ज मागवू नये.

चार. बॉयलर अग्निप्रदीपनाआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे शिबिर कारखाना स्थळावर घ्यावे. वाहनमालक, ड्रायव्हर, मुकादम आणि सभासद महिला यांना एकत्र बसवावे.

याला फार पैसा लागत नाही. आपल्या बापजाद्यांनी शेअरची रक्कम गोळा करून कारखाना उभा केला, ती एकट्याला न पेलणारे ओझे दहा जणांनी उचलण्याची कल्पना होती. विमाही मुळात तेच आहे. सहकार ज्याला कळला त्याला विमा अवघड वाटू नये.

बैल गेला अन् झोपा केला, अशी आपली गत व्हायला नको. मध्यंतरी त्या गावात लागणीची पाहणी करायला गेलो होतो. ती बाई दुसऱ्याच्या उसात भांगलत होती. मी थांबलो. पॉलिसीची गोष्ट तिला सांगितली, कारण ती लपवणे मला जड झाले होते. तिने खुरपे खाली ठेवले आणि एवढेच विचारले, "साहेब, तवाच का न्हाई सांगितलंसा?"

तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्याला मात्र आत्ताच, हंगामाआधी सांगतो आहे.

जय सहकार.

आपला,
ऊस विकास अधिकारी